जुन्या टोपोशीटवरून जंगल आणि रँचमधील बदल कसा वाचावा: वायेस काल्डेराच्या उदाहरणासह सविस्तर कृती

अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगरी जंगलांचे आणि त्यांच्यामध्ये वसलेल्या रँचांचे, म्हणजे गुरे चारण्याच्या मोठ्या जमिनींचे, जुने स्थलदर्शक नकाशे (टोपोशीट) आता घरबसल्या विनामूल्य मिळतात. त्यामुळे दोन काळांतील नकाशे एकमेकांवर ठेवून ‘जंगल इतके सरकले’, ‘इतके पाणवठे नाहीसे झाले’ असे निष्कर्ष काढणाऱ्या अभ्यासकांची संख्याही वाढली आहे. त्यांतले बरेच निष्कर्ष टिकत नाहीत. माझ्याकडे तपासणीसाठी येणाऱ्या कामांत वारंवार दिसणारी एक चूक अशी, की जंगलाची कड सगळीकडे एकाच दिशेने, एकाच अंतराने, साधारण २०० मीटर सरकलेली दाखवलेली असते. जंगल असे कवायतीने सरकत नाही. सरकलेला असतो तो नकाशा, आणि तोही आपणच सरकवलेला असतो.

खालील कृती न्यू मेक्सिको राज्यातील हेमेझ पर्वतातल्या वायेस काल्डेरा या प्रदेशाच्या आधाराने लिहिली आहे. हे एका प्रचंड ज्वालामुखीचे खचलेले विवर आहे. त्यात जंगलाने झाकलेले घुमट आणि त्यांच्या पायथ्याला गवताळ कुरणे आहेत, आणि १८६० मध्ये मंजूर झालेल्या ‘बाका लोकेशन नंबर १’ या सुमारे १ लाख एकरांच्या जमीन-अनुदानामुळे हा सगळा भाग २००० सालापर्यंत खासगी रँच होता. त्याच्या भोवती मात्र सांता फे राष्ट्रीय वन. जंगल, कुरण, खासगी हद्द आणि सरकारी हद्द हे सारे एकाच चौकटीत सापडत असल्यामुळे नकाशा वाचताना होणाऱ्या जवळजवळ सर्व चुका येथे पाहायला मिळतात.

तयारी: नकाशा उघडण्यापूर्वी

प्रथम आपला प्रश्न एका वाक्यात लिहावा. ‘वायेस काल्डेरातील बदल’ हा प्रश्न नव्हे, ते शीर्षक झाले. ‘वाये ग्रांदे या कुरणाच्या उत्तर कडेवरील जंगलाची सीमा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बदलली का?’ हा प्रश्न आहे, कारण त्यात जागा आहे, काळ आहे आणि कोणती खूण मोजायची तेही ठरलेले आहे. प्रश्न ठरला नाही तर पुढची प्रत्येक पायरी भरकटते.

साहित्य फारसे लागत नाही. क्यूजीआयएस हे नकाशे हाताळण्याचे विनामूल्य सॉफ्टवेअर, भरपूर मोकळी जागा असलेली डिस्क आणि एक तक्ता पुरतो. तक्त्यात प्रत्येक नकाशापत्रकासाठी एक ओळ ठेवावी आणि पुढील रकाने आधीच आखून घ्यावेत: पत्रकाचे नाव, प्रमाण, नकाशावरील वर्ष, सर्वेक्षणाचे वर्ष, हवाई छायाचित्रांचे वर्ष, क्षेत्रतपासणीचे वर्ष, छायाचित्रांवरून केलेल्या दुरुस्तीचे वर्ष, छपाईचे वर्ष, समोच्च रेषांतील अंतर, डेटम (अक्षांश-रेखांश मोजण्याचा पाया, पायरी ४ पाहा), जंगल दाखवणारा हिरवा थर आहे की नाही. हा तक्ता भरायचा कंटाळा करणाऱ्यांचेच काम पुढे अडते, असा माझा अनुभव आहे.

पायरी १: सर्व पत्रके गोळा करणे

यूएसजीएस या अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेची स्थापना १८७९ मध्ये झाली, आणि १८८४ पासून २००६ पर्यंतची तिची छापील टोपोशीट ‘टोपोव्ह्यू’ या तिच्याच संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेली आहेत. नकाशावर आपल्या जागेवर टिचकी मारली की त्या बिंदूवरची सर्व प्रमाणांची आणि सर्व आवृत्त्यांची पत्रके समोर येतात.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटची सवय असलेल्या मराठी वाचकाने येथे एक फरक ध्यानात घ्यावा. आपल्याकडे पत्रकाची ओळख क्रमांकाने होते. पुण्याचा परिसर म्हटला की ‘४७ एफ’ हे जिभेवर येते. अमेरिकेत पत्रकाला त्यावरील एखाद्या ठळक ठिकाणाचे नाव दिलेले असते, आणि तेच नाव वेगवेगळ्या प्रमाणांच्या, वेगवेगळ्या क्षेत्रफळाच्या पत्रकांनाही असू शकते. म्हणून नुसते नाव लिहून भागत नाही, नावाबरोबर प्रमाण लिहावेच लागते.

वाये ग्रांदे हे कुरण एका पत्रकात बसत नाही. १०६°३०′ पश्चिम रेखांश आणि ३५°५२′३०″ उत्तर अक्षांश या दोन्ही रेषा त्यातून जातात, त्यामुळे साडेसात मिनिटांच्या (अक्षांश आणि रेखांश दोन्हींत साडेसात मिनिटे व्यापणाऱ्या पत्रकांच्या) मालिकेत ते रेडोंडो पीक, ब्लँड, वाये सान अंतोनियो आणि वाये तोलेदो अशा चार पत्रकांत विभागले गेले आहे. चारांपैकी तीनच उतरवून घेतली आणि कुरणाचे क्षेत्रफळ मोजले, तर काय होईल ते सांगायला नको.

उतरवून घेताना जिओटिफ किंवा जिओपीडीएफ हाच प्रकार निवडावा. जेपीईजी हा पाहण्यापुरता ठीक असतो, पण त्यात स्थानाची माहिती नसते. केएमझी गूगल अर्थमध्ये झटकन उघडतो, परंतु मोजमापासाठी तो वापरू नये.

इशारा: सर्वांत जुने एक आणि सर्वांत नवे एक अशी दोनच पत्रके घेऊन काम सुरू करू नये. मधली पत्रके नसतील तर बदल कधी झाला हे कळत नाहीच, शिवाय तो खरोखर झाला का, हेही कळत नाही.

पायरी २: समास वाचणे

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि नेमकी तीच वगळली जाते. नकाशाचे चित्र पाहण्याआधी चारही बाजूंचे समास शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावेत.

नकाशाला एक तारीख नसते. एकाच पत्रकात जमिनीचा उठाव एका वर्षाच्या सर्वेक्षणातला, रस्ते दुसऱ्या वर्षाच्या हवाई छायाचित्रांतले, नावे तिसऱ्या वर्षाच्या क्षेत्रतपासणीतली आणि कागद चौथ्या वर्षाच्या छपाईतला असू शकतो. उतरवलेल्या फाइलच्या नावात राज्य, पत्रकाचे नाव, एक अनुक्रमांक, वर्ष आणि प्रमाण अशी माहिती असते. त्यातील वर्ष हे नकाशावर छापलेले वर्ष असते, आणि बहुतेक जण तेच ‘जमीन पाहिल्याचे वर्ष’ मानून चालतात. आवृत्तीचे वर्ष तेच ठेवून पुढे अनेकदा फेरछपाई झालेली असते, ती वेगळीच.

समासात पुढील गोष्टी शोधाव्यात. जुन्या पत्रकांवर ‘अमुक साली सर्वेक्षण’ आणि ‘अमुक सालची आवृत्ती, अमुक साली फेरछपाई’ असा मजकूर असतो. विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या पत्रकांवर हवाई छायाचित्रे कधी घेतली आणि प्रत्यक्ष जागेवर तपासणी कधी केली, ही दोन वर्षे स्वतंत्रपणे दिलेली असतात. त्यानंतरच्या काही पत्रकांवर जांभळ्या शाईतली दुरुस्ती दिसते. ही दुरुस्ती नव्या हवाई छायाचित्रांवरून केलेली असते आणि तिची जागेवर तपासणी झालेली नाही, असे समासातच नमूद केलेले असते. जांभळ्या शाईत मुख्यतः नवे रस्ते, इमारती, तळी येतात. त्या वेळी हिरव्या थरालाही हात लागला असेल असे गृहीत धरता येत नाही. म्हणजे दुरुस्तीचे वर्ष वापरून जंगलाविषयी बोलणे हे पहिल्याच पायरीवर घसरणे होय. याखेरीज काही पत्रकांवर ‘छायाचित्रांवरून पाहणी केली’ एवढीच नोंद असते. तिचा अर्थ पाहणीत मोठा बदल आढळला नाही, म्हणून नकाशा तसाच ठेवला, इतकाच असतो.

समासाची खातरजमा नकाशातील मजकुरावरूनही करता येते. या परिसराच्या पूर्वेला लॉस अलामोस आहे. तेथील ‘लॉस अलामोस रँच स्कूल’ ही निवासी शाळा १९१७ मध्ये सुरू झाली आणि १९४३ मध्ये अणुबॉम्ब प्रकल्पासाठी जागा घेतली गेल्यावर बंद पडली. एखाद्या पत्रकावर ही शाळा दाखवली असेल तर छपाईचे वर्ष काहीही असो, तो मजकूर १९४३ पूर्वीच्या पाहणीचा आहे. प्रत्येक परिसरात अशी दोनतीन ठाम तारखांची ठिकाणे आधी शोधून ठेवावीत.

पडताळा: तक्त्यातील वर्षांचे सर्व रकाने भरले का? जे वर्ष समासात नाही तेथे ‘नोंद नाही’ असे लिहावे. रकाना रिकामा सोडू नये आणि अंदाजही घालू नये.

पायरी ३: प्रमाण आणि समोच्च रेषांतील अंतर

या मालिकांची तीन मुख्य प्रमाणे आहेत. तीस मिनिटांची जुनी पत्रके १:१,२५,००० या प्रमाणाची, पंधरा मिनिटांची १:६२,५०० आणि साडेसात मिनिटांची १:२४,००० या प्रमाणाची असतात. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अनुक्रमे १२५ मीटर, ६२.५ मीटर आणि २४ मीटर. पहिल्या प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेषा जमिनीवर साठ मीटरांहून अधिक रुंद पट्टा व्यापते, हे आठवणीत असले म्हणजे त्या नकाशावरून जंगलाची कड ‘४० मीटर मागे गेली’ असे लिहिण्याचे धाडस होत नाही.

आपल्याकडच्या जुन्या इंची नकाशांचे प्रमाण १:६३,३६० होते. ते १:६२,५०० च्या इतके जवळ आहे की मोजपट्टी अदलाबदलीने वापरली जाते. तसे करू नये. फरक सव्वा टक्क्याच्या थोडा वर आहे, पण लांब अंतरांत तो जाणवतो.

अमेरिकी पत्रकांवरील उंची बहुधा फुटांत असते. डोंगरी भागाच्या साडेसात मिनिटांच्या पत्रकावर दोन समोच्च रेषांत ४० फूट असतील तर ते सुमारे १२ मीटर होतात. मीटरची सवय असलेला वाचक ते ४० मीटर समजून उतार तिपटीहून अधिक तीव्र ठरवतो. रेडोंडो शिखराची उंची ११,२५४ फूट, म्हणजे ३,४३० मीटर आहे. पहिल्याच दिवशी हा एक आकडा तपासून घेतला की एककाची चूक पुढे राहत नाही. दोन काळांच्या पत्रकांवर एकाच शिखराच्या उंचीत थोडाफार फरक दिसला तर डोंगर वाढला किंवा खचला असे समजू नये, कारण उंची मोजण्याचा पायाही मध्यंतरी बदललेला आहे.

तीस मिनिटांच्या पत्रकांवरील समोच्च रेषा मोजक्या नियंत्रण बिंदूंच्या आधाराने जागेवर उभे राहून हाताने रेखाटलेल्या असत. त्यांचा डौल सुंदर असतो, परंतु त्यांची पुढील काळातील रेषांशी तुलना करून दरी किती खोल गेली हे सांगता येत नाही.

पायरी ४: डेटम आणि प्रक्षेपण

पृथ्वीचा आकार कसा मानला आणि मोजणीचा आरंभबिंदू कोठे धरला, यावर अक्षांश-रेखांशांचे आकडे अवलंबून असतात. या मांडणीला डेटम म्हणतात. अमेरिकेचा १९२७ चा डेटम क्लार्क यांच्या १८६६ च्या लंबगोलावर बेतलेला असून त्याचा आरंभबिंदू कॅन्सस राज्यातील मीड्स रँच येथे आहे. अर्ध्या खंडाचे नकाशे एका कुरणातल्या खुणेवरून आखले गेले, हा योगायोग मला नेहमीच गमतीचा वाटतो. आधुनिक नकाशे १९८३ च्या डेटमवर असतात.

प्रत्यक्षात काय होते ते पाहू. यूटीएम ही पृथ्वीचे पट्टे पाडून जागा मीटरांत सांगणारी पद्धत आहे, आणि वायेस काल्डेरा तिच्या १३ व्या पट्ट्यात येतो. १९२७ च्या डेटमवरील यूटीएम आकडे रूपांतर न करता १९८३ चे म्हणून वापरले, तर जुना नकाशा सुमारे २०० मीटर दक्षिणेला आणि सुमारे ५० मीटर पूर्वेला सरकतो. सुरुवातीला सांगितलेली ‘सरकलेली जंगलकड’ ती हीच. आकडे यूटीएमचे नसून अक्षांश-रेखांशांचे असतील, तर पूर्वेकडची ५० मीटरची चूक तेवढी उरते, आणि ती डोळ्याला खटकत नसल्यामुळे अधिक घातक ठरते.

कृती अशी करावी:

१. जिओटिफ क्यूजीआयएसमध्ये उघडून त्याची निर्देशांक प्रणाली पाहावी. ती समासातील डेटमशी जुळते का, हे तपासावे.

२. प्रकल्पाची प्रणाली १९८३ च्या डेटमवरील यूटीएम १३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी २६९१३ (निर्देशांक प्रणालीचा ओळख-क्रमांक) ठेवावी. १९२७ च्या डेटमवरील त्याच पट्ट्याचा क्रमांक २६७१३ आहे. दोन क्रमांकांत एकाच अंकाचा फरक असल्याने निवडताना चूक होते.

३. सॉफ्टवेअरने रूपांतराची पद्धत विचारली तर ग्रिड-आधारित रूपांतर निवडावे. खिडकी न वाचता पहिल्या पर्यायावर टिचकी मारू नये.

४. पत्रक आधीच भूसंदर्भित (प्रत्यक्ष जागेच्या निर्देशांकांशी जोडलेले) असेल तर ते पुन्हा भूसंदर्भित करू नये. ही चूक उत्साही मंडळी हमखास करतात.

जेपीईजी किंवा घरी स्कॅन केलेला कागद वापरावाच लागला, तर खिळे ठोकायचे, म्हणजे स्थान जुळवण्याचे नियंत्रण बिंदू धरायचे, ते पत्रकावरच्या अक्षांश-रेखांशांच्या खुणांवर. साडेसात मिनिटांच्या पत्रकात दर अडीच मिनिटांनी आणि पंधरा मिनिटांच्या पत्रकात दर पाच मिनिटांनी खुणा असतात; म्हणजे कडा आणि आतल्या भागांत मिळून सोळा बिंदू मिळतात, ते सर्व घ्यावेत. आकडे भरताना प्रणाली १९२७ च्या डेटमची, म्हणजे ईपीएसजी ४२६७ द्यावी. ही पत्रके बहुधा पॉलिकॉनिक प्रक्षेपणावर (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या एका पद्धतीवर) असतात आणि प्रत्येक पत्रकाचा मध्य रेखांश वेगळा असतो, त्यामुळे शेजारची दोन पत्रके सपाट कागदासारखी कडेला कड लावून चिकटवू नयेत. आधी प्रत्येक पत्रक स्वतंत्रपणे भूसंदर्भित करावे, मग समास कापावेत आणि नंतरच जोडावेत.

इशारा: आजच्या उपग्रह प्रतिमेतील रस्ते आणि ओढे पाहून जुना नकाशा ताणून बसवू नये. ज्या बदलाचा शोध घ्यायचा आहे तोच बदल अशा ताणण्याने पुसला जातो. लवचीक रबरासारखे ताणणारे रूपांतर तर मुळीच निवडू नये; त्यात प्रत्येक खिळ्यावरची चूक शून्य दिसते आणि मधला सारा नकाशा वाकडा होतो. सुरुवातीच्या काळात मी स्वतः असा एक नकाशा अभिमानाने भिंतीवर लावला होता, आणि त्यात ओढा डोंगर चढत होता.

१९२७ च्या डेटमपूर्वीची पत्रके वेगळ्या वर्गातली समजावीत. त्यांची चौकट स्थानिक खगोलीय निरीक्षणांवर आधारलेली असू शकते आणि चूक शेकडो मीटरांत जाऊ शकते. ती पत्रके ‘काय होते’ यासाठी वापरावीत, ‘नेमके कोठे होते’ यासाठी नव्हे.

पायरी ५: बसवणी तपासणे

नियंत्रणासाठी न वापरलेले सात-आठ बिंदू निवडावेत आणि नकाशा त्यांवर किती चुकीने बसतो ते मोजावे. शिखरे आणि सर्वेक्षणाच्या कायम खुणा चांगल्या. ओढ्यांचे संगम, तळ्यांचे काठ आणि मातीचे रस्ते वाईट, कारण ते खरोखर हलतात.

किती चूक चालेल याचे उत्तर मानकातच आहे. १९४७ च्या राष्ट्रीय अचूकता मानकानुसार १:२४,००० प्रमाणाच्या पत्रकावरील तपासलेल्या ठळक बिंदूंपैकी नव्वद टक्के बिंदू ४० फुटांच्या, म्हणजे सुमारे १२ मीटरांच्या आत असावे लागतात. १:६२,५०० ला हीच मर्यादा सुमारे ३२ मीटर होते. पत्रक हे मानक पाळते की नाही, हे समासात लिहिलेले असते. दोन पत्रकांची तुलना करताना दोघांच्या चुका एकत्र येतात, म्हणून किमान मोजता येण्याजोगा बदल याहून बराच मोठा धरावा.

पडताळा: साडेसात मिनिटांचे पत्रक या अक्षांशावर उत्तर-दक्षिण सुमारे १३.९ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे ११.३ किलोमीटर भरले पाहिजे. बाका लोकेशनची जुनी हद्द जवळजवळ चौरस असून तिची बाजू सुमारे २० किलोमीटर आहे. ही दोन मोजमापे जमत नसतील तर पुढे जाऊ नये. आजचे राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र मात्र सुमारे ८९ हजार एकरांचे आहे, त्यामुळे जुनी आणि नवी हद्द तंतोतंत जुळणार नाही. ती बसवणीची चूक मानू नये.

पायरी ६: हिरवा रंग वाचणे

हिरवा रंग म्हणजे ‘जंगल’ आणि पांढरा म्हणजे ‘उजाड’, हे समीकरण प्रथम मनातून काढून टाकावे.

अनेक जुन्या पत्रकांवर हिरवा थर छापलेलाच नसतो. तपकिरी समोच्च रेषा, निळे पाणी, काळी मानवनिर्मित कामे, एवढेच. अशा पत्रकाशेजारी हिरवा थर असलेले पुढचे पत्रक ठेवले, की जणू साऱ्या पर्वतावर एका पिढीत जंगल उगवले असे दिसते. टोपोव्ह्यूच्या माहिती-तक्त्यात हिरवा थर आहे की नाही याचा स्वतंत्र रकाना असतो. तो पाहावा, आणि शंका आली तर नकाशाच उघडून पाहावा.

हिरवा थर असला तरी त्याची व्याख्या वनस्पतिशास्त्रज्ञाची नाही. सहा फूट उंचीची आणि सैन्याला आडोसा मिळेल इतकी दाट वाढ असेल तर तो भाग हिरवा रंगवावा, असा यूएसजीएसचा दंडक होता. म्हणजे उंच झुडपेही हिरवी, आणि विरळ पाइनखालचे उत्तम गवत मात्र कधी हिरवे, कधी पांढरे. कड ठरवण्याचे काम छायाचित्र पाहणाऱ्या माणसाच्या नजरेवर होते. शेजारच्या दोन पत्रकांच्या सांध्यावर जंगलाची कड अचानक तुटलेली दिसली तर दोन पत्रकांची छायाचित्रे किंवा दोन नजरा वेगळ्या होत्या, एवढाच त्याचा अर्थ.

वायेस काल्डेरात हा प्रश्न विशेष नाजूक आहे. येथील कुरणांत झाडे नसण्याचे एक कारण थंड हवा आहे. रात्री ती उतारांवरून खाली येऊन विवराच्या तळाशी साचते आणि रोपे कोळपतात. दुसरीकडे, दीर्घकाळच्या चराईमुळे आणि वणवे विझवण्याच्या धोरणामुळे कुरणांच्या कडेने सूचिपर्णी झाडे आत शिरली, हेही अभ्यासकांनी दाखवले आहे. परंतु त्यांनी ते दाखवले ते १९३५ च्या सुमाराच्या आणि नंतरच्या हवाई छायाचित्रांवरून. टोपोशीटच्या हिरव्या कडेवरून तो बदल सिद्ध होत नाही, फार तर कोठे शोधायचे ते कळते.

आणखी एक गोष्ट. २०११ च्या लास कोंचास वणव्याने १ लाख ५० हजार एकरांहून अधिक क्षेत्र जाळले आणि २०१३ च्या थॉम्पसन रिज वणव्याने संरक्षित क्षेत्राचा आणखी भाग होरपळला. जुन्या पत्रकावरचा हिरवा रंग घेऊन आज तेथे गेलात तर काही उतारांवर जळके खांबच उभे दिसतील. ती जुन्या नकाशाची चूक नव्हे.

पायरी ७: रँचच्या खुणा वाचणे

पवनचक्की, गुरांसाठी बांधलेले तळे, झरा, वाडगे, एकाकी झोपडी, कुंपण, कच्चा रस्ता या रँचच्या खुणा होत. त्या वेचताना प्रत्येकीसाठी स्वतंत्र बिंदू टाकावा आणि नकाशावर जसे लिहिले असेल तसेच नाव नोंदवावे; स्पॅनिश नावांची वर्तनी ‘सुधारू’ नये, कारण वर्तनीतील बदलानेही आवृत्ती ओळखता येते.

हद्दीकडे नीट पाहावे. सार्वजनिक जमिनीवर एक-एक मैलाच्या चौकोनांची लाल जाळी असते. बाका लोकेशनच्या हद्दीपाशी ती जाळी थांबते, कारण अनुदानाच्या जमिनीचे असे चौकोनी तुकडे पाडले गेले नाहीत. नवख्याला हा कोरा भाग ‘सर्वेक्षण न झालेला’ वाटतो. सर्वेक्षण झालेले असते. जमीन खासगी होती, इतकेच.

घुमटांभोवती वेटोळे घालणारे रस्ते दिसले तर ते रँचचे रस्ते समजू नयेत. विसाव्या शतकात येथे मोठी लाकूडतोड झाली आणि ओंडके उतरवण्यासाठी उतारांवर एकाखाली एक असे रस्ते कापले गेले. नकाशावर त्यांतले थोडेच येतात, म्हणून रस्त्यांची लांबी मोजून लाकूडतोडीचा काळ किंवा आवाका ठरवू नये.

सर्वांत मोठा सापळा शेवटी येतो. २००९ पासून निघणारी ‘यूएस टोपो’ ही नवी मालिका जागेवर जाऊन तयार केलेली नसते. ती राष्ट्रीय माहितीसाठ्यांतून संगणकावर जुळवली जाते. ज्या गोष्टींचा राष्ट्रीय साठा नाही त्या नकाशावर येत नाहीत. पवनचक्क्या, वाडगी, कुंपणे त्यांत जवळजवळ सगळी गळतात. जुन्या पत्रकावर पवनचक्की आहे आणि नव्यावर नाही, म्हणून रँचव्यवसाय संपला असे लिहिलेले लेख मी वाचले आहेत. संपली असेल ती चिन्हांची यादी.

इशारा: नकाशावर नाव नसणे म्हणजे माणसे नसणे नव्हे. हेमेझ पुएब्लो या येथील मूळ रहिवासी समाजाच्या लोकांसाठी हा प्रदेश आणि रेडोंडो शिखर पवित्र आहे, पण पत्रकांवर त्यांच्या भाषेतील नावे शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही.

पायरी ८: तुलना, ठरावीक क्रमाने

नवे पत्रक वर आणि जुने खाली ठेवून पारदर्शकता कमी-जास्त करत पाहण्याची पद्धत आकर्षक आहे, पण डोळा त्यात फसतो. त्याऐवजी प्रत्येक पत्रकावरील खुणा स्वतंत्र थरात, दुसरे पत्रक बंद ठेवून आखाव्यात आणि मगच थर एकत्र पाहावेत. आखणी आपल्याला हवी तशी वळू नये यासाठी हाच एक उपाय मला लागू पडला आहे.

मग आढळलेल्या प्रत्येक फरकाला पुढील प्रश्न याच क्रमाने विचारावेत. फरक बसवणीच्या चुकीपेक्षा मोठा आहे का? दोन्ही पत्रकांवर ती खूण दाखवण्याचा नियम सारखाच होता का? प्रमाण वेगळे असल्याने ती लहान नकाशावर गाळली गेली असेल का? जुन्या पत्रकावरचा तो थर खरोखर त्या वर्षाचा आहे, की आधीच्या आवृत्तीवरून उचललेला आहे? या चारही प्रश्नांतून जो फरक तरतो त्यालाच ‘संभाव्य बदल’ म्हणावे. उरलेल्यांपुढे कारण लिहून ते तक्त्यात तसेच ठेवावेत, पुसू नयेत.

संभाव्य बदलासाठी नकाशाबाहेरचा निदान एक पुरावा शोधावा. हवाई छायाचित्रे सर्वांत उपयोगी. न्यू मेक्सिकोच्या मोठ्या भागाची ती १९३० च्या दशकाच्या मध्यापासून उपलब्ध आहेत. सार्वजनिक जमिनीसाठी जनरल लँड ऑफिस या जुन्या सरकारी जमीन-कार्यालयाचे मोजणीनकाशे आणि मोजणीदारांच्या वह्या पाहाव्यात, ज्यांत ओढे, झाडे आणि गवत यांची वर्णने चालत्या रेषेवर लिहिलेली असतात. बाका लोकेशनच्या आत मात्र चौकोनांची मोजणी नसल्यामुळे अशा नोंदी हद्दीच्या रेषेपुरत्याच मिळण्याची अपेक्षा ठेवावी.

पायरी ९: नकाशा घेऊन जागेवर जाणे

जुन्या पत्रकाच्या समासातील चुंबकीय उत्तरेचा कोन त्या वर्षापुरता असतो. न्यू मेक्सिकोत हा पूर्वेकडचा कोन गेल्या अर्धशतकात काही अंशांनी कमी झाला आहे. होकायंत्रासाठी आजचा कोन वेगळा काढून घ्यावा. जीपीएसवर डेटम कोणता निवडला आहे हे गाडीतून उतरण्यापूर्वी पाहावे. नकाशावरचा झरा आटलेला असू शकतो, म्हणून पाणी सोबत न्यावे. जुन्या पत्रकावर रस्ता आहे म्हणून आज त्यावरून जाण्याची परवानगी आहे असे नाही, आणि खासगी रँचच्या कुंपणाबाबत तर अजिबातच नाही.

पायरी १०: निष्कर्ष लिहिणे

‘अमुक सालापर्यंत वाये ग्रांदेच्या कडेने जंगल वाढले’ असे वाक्य लिहू नये. त्याऐवजी पत्रकाचे नाव, प्रमाण, हिरव्या थरामागील हवाई छायाचित्रांचे वर्ष, बसवणीतील चूक मीटरांत आणि दुसरा पुरावा, या पाच गोष्टी त्याच वाक्यात किंवा लगेच पुढच्या वाक्यात याव्यात. वाक्य लांबते, वाचायला थोडे रुक्ष होते, पण तपासणाऱ्याला तुमच्या पावलावर पाऊल ठेवून त्याच जागी पोहोचता येते. नकाशासोबत देताना रंगीत आच्छादनाच्या खाली मूळ पत्रकाचा समास कापून टाकू नये. चित्र छापायला जागा कमी पडत असेल तर समासातील मजकूर चित्राखाली जसाच्या तसा उतरवावा. उतरवलेल्या मूळ फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये, नाव न बदलता ठेवाव्यात. त्या नावातला अनुक्रमांक हरवला, तर आपण नेमकी कोणती आवृत्ती पाहिली होती हे सहा महिन्यांनी आपल्यालाही सांगता येत नाही.